देवीचे वण, बिब्ब्याचे डाग

१९७५ च्या मे महिन्यात भारतात देवीचा शेवटचा रुग्ण सापडला. रोग खरोखर गेला की कुठे दडून बसला आहे, हे ठरवायला मात्र पुढची दोन वर्षं लागली. त्या काळात आरोग्य खात्याची माणसं खेडोपाडी, शाळांतून, बाजारांतून फिरली. रोगाची खबर देणाऱ्याला हजार रुपयांचं बक्षीस जाहीर झालं होतं. पण या माणसांचा खरा भरवसा कागदावर नव्हता, चेहऱ्यांवर होता. लहान मुलांच्या गालांवर, नाकाच्या शेंड्यावर खड्डे दिसतात का, हे ते पाहत होते. एखाद्या दीड वर्षाच्या पोराच्या तोंडावर देवीचे वण दिसले असते, तर रजिस्टरात काहीही लिहिलेलं असो, त्या गावात रोग येऊन गेला हे सिद्ध झालं असतं. नव्या साथीची साक्ष देणारा असा चेहरा मिळाला नाही. एप्रिल १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगानं भारत देवीमुक्त झाल्याचं प्रमाणित केलं.

माणसाच्या कातडीवरची खूण हा इतिहासाचा अस्सल कागद आहे, हे एवढ्या ठळकपणे क्वचितच मान्य झालं असेल.

हा कागद वाचायला मराठवाड्यातला एक मुलूख घेऊ. धाराशिव जिल्ह्यात, भूम तालुक्यात, बालाघाटच्या पठारी मुलखात ईट हे गाव आहे. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जुन्या पिढीतल्या कितीतरी माणसांच्या जन्माची नोंदच कुठे झाली नाही. वय विचारलं की उत्तर येतं ते दुष्काळाच्या किंवा रझाकाराच्या हिशेबानं. अशा मुलखात बाही वर केली की बरंच काही कळतं. साठीतल्या माणसाच्या दंडावर किंवा कोपराखाली पैशाएवढे गोल, मधे खोलगट, कडेला बारीक रेघा फुटलेले वण दिसतात. ही देवीची लस. चाळिशीतल्या माणसाच्या डाव्या दंडावर एकच लहानसा वण असतो, तो बीसीजीचा. देवीची नेहमीची लस १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंद झाली, त्यामुळे दंडावरच्या खुणेवरून माणूस त्या रेषेच्या अलीकडचा की पलीकडचा हे डॉक्टर आजही ओळखतात.

वण होतो कसा, हे समजल्याशिवाय या खुणा वाचता येत नाहीत. कातडीचे मुख्य थर दोन. वरचा पातळ थर सतत नवा होत असतो. तेवढ्यापुरतंच खरचटलं तर काही दिवसांत जागा कोरी होते. खालचा जाड थर एकदा खोलवर फाटला की पूर्ववत होत नाही. जखम झाली की आधी रक्त गोठतं, मग पांढऱ्या पेशी येऊन मेलेला भाग आणि जंतू साफ करतात, आणि काही दिवसांत तंतू तयार करणाऱ्या पेशी कामाला लागतात. त्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे घालतात. मूळ कातडीत हे धागे घोंगडीच्या विणीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. वणात ते घाईघाईनं बहुतेक एकाच दिशेनं टाकलेले असतात, फाटक्या घोंगडीला मारलेल्या टाक्यांसारखे. तिथे केसांची मुळं नसतात, घामाच्या ग्रंथी नसतात, रंगही बाकीच्या अंगाशी जुळत नाही. डागडुजी वर्ष-दीड वर्ष चालू राहते, तरी वणाची ताकद मूळ कातडीच्या फार तर ऐंशी टक्क्यांपर्यंत पोहोचते. आईच्या पोटात सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाला झालेली जखम मात्र वण न ठेवता भरते. पुढे, जन्माआधीच, ही किमया शरीर विसरतं आणि ती परत कशी मिळवावी, यावर जगभर संशोधन चालू आहे.

पुढचा सगळा खेळ या धाग्यांच्या हिशेबाचा आहे. धागे कमी पडले तर खड्डा राहतो. जास्त झाले तर वण फुगतो, पण जखमेच्या हद्दीत राहतो आणि वर्षा-दोन वर्षांत बराचसा बसतो. काहींच्या बाबतीत तो हद्द ओलांडून शेजारच्या निरोगी कातडीवर पसरतो आणि वाढतच राहतो. आणि मोठी जखम सांध्यावर असेल तर वण भरताना आकसतो व सांधा ओढून धरतो. डॉक्टरांच्या पुस्तकातले वणांचे मुख्य प्रकार हेच. मराठवाड्याच्या खेड्यात या प्रत्येकाचं उदाहरण सापडतं आणि प्रत्येकामागे वेगळी गोष्ट आहे.

देवीचा वण हा पहिल्या, म्हणजे खड्ड्याच्या प्रकारातला. देवीचा विषाणू कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी नासवतो. या ग्रंथी चेहऱ्यावर सर्वांत दाट असतात, म्हणून बरा झालेल्या माणसाच्या हातापायांपेक्षा तोंडावर खुणा जास्त. मोठ्या देवीत दहांतले तीनेक रोगी दगावत. वाचलेल्यांतल्या बहुसंख्यांच्या तोंडावर जन्मभराचे खड्डे राहत आणि कित्येकांचे डोळे जात. घरात 'देवी आल्या' की दाराला कडुलिंबाचा डहाळा लागे, फोडणी बंद होई, रोग्याला कडुलिंबाच्या पाल्यावर निजवत. रोगाला नाव घेऊन हाकलायचं नाही, मान देऊन पाठवायचं, अशी ती रीत होती. तिच्यावर आज हसू नये. ज्या रोगावर कुणाकडेच औषध नव्हतं, त्याच्यापुढे माणसांनी शांत राहायचा आणि रोग्याला वेगळं, थंड जागी ठेवायचा मार्ग शोधला होता. मुलींच्या बाबतीत मात्र या खड्ड्यांनी फार क्रूर वागणूक ओढवून आणली. लग्न जमवताना 'तोंडावर देवीचे वण' हा शब्दप्रयोग गेल्या पिढीपर्यंत सर्रास कानावर पडे, आणि त्यात मुलीचा दोष काय, हे विचारणारं कुणी नसे.

देवीवरचा उपाय मुंबईत उतरला तो १४ जून १८०२ रोजी. ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर त्या दिवशी गोस्तन देवीची लस लागू पडली. भारतात लस यशस्वी होण्याची ही पहिली नोंद. व्हिएन्नाहून बगदाद आणि बसरामार्गे आलेला तो वाळलेला द्रव होता. तिच्या दंडावर आलेल्या फोडातून दुसऱ्या मुलांना, त्यांच्या फोडांतून तिसऱ्यांना, अशी ती लस हातोहात हैदराबाद, मद्रास, म्हैसूरकडे गेली. शीतपेटी नव्हती, बर्फ नव्हता. लस टिकवायची जागा म्हणजे जिवंत मुलांचे दंड. ही मुलं बहुतेक गरिबांची आणि नोकरचाकरांची होती आणि त्यांची संमती कुणी घेतली नाही. उपखंडातल्या पुढच्या असंख्य जीवांचं रक्षण या दंडांवरून सुरू झालं, पण एका ॲनाचं नाव सोडलं तर बाकीच्यांची आठवण कुणी ठेवलेली नाही.

नंतर वासरांच्या अंगावर लस तयार होऊ लागली, पण खेड्यातल्या मुलांची भीती कमी झाली नाही. १९७० च्या आसपासपर्यंत भारतात लस देण्याचं हत्यार म्हणजे दांड्याला लावलेली बारीक दात्यांची गोल चकती. लसीच्या थेंबावर ती दाबून फिरवायची. त्यानं कातडी गोल सोलवटायची आणि एकाहून अधिक ठिकाणी हा प्रयोग व्हायचा. मग फोड यायचा, पिकायचा, खपली धरायची आणि गळून पडली की खाली खोलगट वण. देवी काढणारा, म्हणजे लस टोचणारा, गावात आला की पोरं कडब्याच्या गंजीमागे आणि ज्वारीच्या पिकात लपायची, ती त्या चकतीला भिऊन. पुढे दुहेरी टोकाची सुई आली. तिच्या फटीत लसीचा थेंब अडकायचा आणि एकाच जागी पंधरा वेळा भराभर टोचलं की काम झालं. त्रास कमी, लसही कमी लागायची. म्हणूनच एकाच घरात आजोबा, बाप आणि मुलगा यांच्या दंडांवर तीन वेगळ्या आकारांच्या खुणा असू शकतात.

१९७४ साली भारतात देवीच्या १ लाख ८८ हजार रुग्णांची नोंद झाली. दुसऱ्याच वर्षी तो आकडा संपला. स्वातंत्र्यानंतरच्या सार्वजनिक कामगिरीत याच्या तोडीची उदाहरणं थोडी आहेत.

वणांचा इतिहास म्हणजे फक्त रोगांचा इतिहास नव्हे. त्यातला जगप्रसिद्ध झालेला एक अध्याय पुण्याजवळ घडला आणि त्याची सावली बालाघाटावरही पडते. टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९२ च्या लढाईत कावसजी नावाचा मराठा शेतकरी इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकायच्या कामावर होता. टिपूच्या माणसांनी त्याला पकडलं आणि त्याचं नाक व एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिरानं, इंग्रजी वृत्तांताप्रमाणे विटा करणाऱ्यांच्या जातीतल्या माणसानं, त्याचं नाक नव्यानं घडवलं. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले हे मुंबई इलाख्यातले दोन डॉक्टर ही क्रिया पाहायला हजर होते.

ती क्रिया नीट पाहण्याजोगी आहे. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून माप घेतलं. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि भोवती रेघ मारली. त्या रेघेनं कपाळाची कातडी सोडवली, पण दोन भुवयांच्या मधे एक पट्टी जोडलेली ठेवली, म्हणजे रक्त चालू राहील. मग कातडी पिळून खाली वळवली आणि नाकाच्या जागी केलेल्या खाचेत बसवली. टाके नाहीत. काथ पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावला आणि त्या पट्ट्या एकावर एक ठेवून जोड धरला. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं कापड लावलं. रोगी पाच-सहा दिवस उताणा निजून होता. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घातले, म्हणजे त्या बुजणार नाहीत. पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला भुवयांमधली जोडपट्टी कापली. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ ला हा वृत्तांत आला. चित्रकार जेम्स वेल्स यानं कावसजीचं चित्र काढलं, ते जानेवारी १७९५ मध्ये छापलं गेलं. नवं नाक पक्कं बसलं आणि कपाळावरचा वण कालांतरानं फारसा उठून दिसत नाही, हेही वृत्तांतात मुद्दाम नोंदवलेलं आहे. १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यानं लंडनमध्ये याच रीतीनं नाक बसवलं आणि युरोपातल्या नव्या प्लास्टिक सर्जरीची वाट मोकळी झाली.

वेल्सचं चित्र छापलं गेल्यावर दोनच महिन्यांनी, ११ मार्च १७९५ रोजी, मराठे आणि निजाम यांच्यात खर्ड्याची लढाई झाली. खर्डा आज अहिल्यानगर जिल्ह्यात असला तरी भूम तालुक्याच्या शिवेला लागूनच आहे. त्या लढाईतल्या तलवारीचे आणि भाल्याचे घाव ज्यांनी भरले, त्यांची नावं कुठल्या नियतकालिकात आली नाहीत. ज्या काळात पुण्याजवळ असा हात तयार होता, त्या काळात घाव भरण्याची विद्या ही घराण्यांतून आणि जातींतून चालत होती, ग्रंथांतून नव्हे. सुश्रुतसंहितेत नाकासाठी गालाची कातडी घ्यायला सांगितली आहे. पुण्याच्या माणसानं कपाळाची घेतली. म्हणजे पुस्तक आणि हात यांच्यात फरक पडला होता, आणि जगानं पुढे स्वीकारली ती हातानं शोधलेली रीत.

सुश्रुतानं जखमेचा विचार मात्र फार खोलवर केला होता. जखम भरली तरी तिची जागा देह असेतो पुसली जात नाही, असं तो म्हणतो. जखमेवरच्या त्याच्या साठ उपायांत भरल्यानंतरचे उपायही येतात: उंच झालेला मांसल भाग खाली बसवणं, त्या जागी केस आणणं, काळा पडलेला वण उजळणं आणि पांढरा पडलेला वण काळा करणं. या शेवटच्या कामासाठी त्यानं जे तेल सांगितलं, ते भल्लातकाचं. म्हणजे आपला बिब्बा.

बिब्बा हा मराठवाड्याच्या घराघरातला वैद्य आहे आणि घराघरातला गुन्हेगारही. पायात काटा मोडला, टाच भेगाळली, कुरूप झालं की सुईच्या टोकावर बिब्बा धरून दिव्यावर तापवायचा आणि त्याचं काळं तेल जागेवर टेकवायचं. बांधाबांधानं, चिखलातून आणि काट्याकुट्यातून अनवाणी चालणाऱ्या माणसांना त्यानं आराम दिला हे खरं आहे. परीट कपड्यांवर खूण करायला हेच तेल वापरत, कारण ते धुण्यानं जात नाही. पण याच तेलात असे घटक आहेत की ते कातडीला लागताच कित्येकांच्या अंगावर फोड उठतात, आग होते, पाणी सुटतं. गावात म्हणतात, 'बिब्बा उतला'. उतलेल्या बिब्ब्याचा काळा डाग महिनोन्महिने राहतो, खोल गेला तर कायमचा. बिब्बा फोडून आतली गोडंबी काढायचं काम करणाऱ्या बायांचे हात यानं भाजून, काळे पडून, सोलवटून निघतात. डिंकाच्या लाडवात घातलेली गोडंबी खाताना हे हात आठवले पाहिजेत.

बिब्ब्यापेक्षा भयंकर रीत डाग देण्याची. लंगडणाऱ्या बैलाला तापलेल्या सळईनं डागायचं, तसंच कावीळ झालेल्या माणसालाही. महाराष्ट्राच्या अनेक भागांत ही समजूत होती आणि पुरती गेलेली नाही. मेळघाटात तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की तापल्या विळ्यानं चटके देतात, त्याला 'डंबा' म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या चिखलदरा तालुक्यात अवघ्या बावीस दिवसांच्या बाळाला असे चटके दिल्याचं उघड झालं तेव्हा राज्यभर हळहळ झाली. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर संमत झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली तापलेल्या वस्तूनं चटके देणं त्यात गुन्हा ठरवलं आहे. डागल्यानं कावीळ जात नाही. साधी कावीळ आपोआप उतरते आणि श्रेय सळईला मिळतं. राहतो तो पोटावरचा वण. जुन्या माणसांच्या पोटावर, दंडावर, कपाळावर हे आडवे-उभे डाग आजही दिसतात, आणि दवाखाना दहा कोसांवर असताना आईबापांनी जे हाती लागलं ते केलं, एवढंच त्यातून वाचायचं असतं.

भाजण्याचे वण या भागात आणखी एका धंद्यानं दिले. भूम तालुका खव्यासाठी नावाजलेला आहे. दुष्काळी शिवारात दूध हा आधार झाला आणि दुधाचा खवा करणाऱ्या भट्ट्या गावोगाव उभ्या राहिल्या. मोठ्या कढईत दूध उकळताना ते सारखं हलवत राहावं लागतं. शेवटी खवा घट्ट होत आला की तो फटफट उडतो, आणि उडालेला ठिपका चिकट असल्यामुळे कातडीला धरून बसतो, पाण्यासारखा ओघळून जात नाही. हात, मनगटं आणि गळ्याखालचा भाग यांवर असे ठिपके पडतात. वरवरचे असले तर डाग जातो. खोल गेले तर पांढुरका, चमकदार वण राहतो.

खोल भाजणं सांध्यावर असेल तर गोष्ट गंभीर होते. जखम भरताना काही पेशी कडा आत ओढून धरतात, म्हणजे जखम लहान व्हावी. उघड्या मांडीवर ही ओढ उपयोगी पडते. कोपराच्या लवणीत, बोटांवर किंवा गळ्यावर तीच ओढ हात कायमचा वाकवते, बोटं जुळवते, हनुवटी छातीला टेकवते. चुलीत पडलेल्या मुलांचे आणि स्टोव्हच्या भडक्यात सापडलेल्या बायांचे असे आकसलेले हात आणि गळे महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांनी फार पाहिले. जखम भरत असताना सांधा सरळ बांधून ठेवला आणि रोज हलवला असता तर यातलं पुष्कळ टळलं असतं. खेड्यात उलट होतं. दुखतं म्हणून हात मुडपून छातीशी धरला जातो आणि तसाच भरून येतो.

हद्द सोडून वाढणाऱ्या वणाला डॉक्टर कीलॉइड म्हणतात. पॅरिसच्या अलीबेर नावाच्या त्वचारोगतज्ज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याला नाव दिलं, कारण त्याच्या कडेनं खेकड्याच्या नांग्या फुटल्यासारखे फाटे दिसतात. सावळ्या आणि काळ्या कातडीत तो अधिक आढळतो, काही घराण्यांत वारशानं येतो, आणि छाती, खांदे व कानाच्या पाळ्या या त्याच्या आवडत्या जागा. आपल्याकडे बारशाच्या सुमाराला सोनाराकडून कान टोचून घ्यायची रीत आहे. तान्हेपणी टोचलेल्या कानांना हा त्रास कमी होतो. वयात येताना, हौसेनं दुसरं-तिसरं भोक पाडताना तो जास्त उद्भवतो. रीत घालणाऱ्यांना कीलॉइड माहीत असण्याचं कारण नाही, पण त्यांनी निवडलेलं वय योग्य ठरलं. कीलॉइड नुसता कापून काढला तर पुष्कळदा पहिल्यापेक्षा मोठा होऊन परत येतो. त्यात इंजेक्शनं देणं, सिलिकॉनची पट्टी किंवा दाब ठेवणं, हे धीराचे उपाय करावे लागतात.

एक वण मात्र या मुलखातून साफ गेला: नारूचा. पायऱ्यांच्या बारवेत उतरून पाणी भरताना माणसाचे पाय पाण्याला लागत. नारूचा किडा पायातून डोकं काढी आणि पाण्यात पिल्लं सोडी. तेच पाणी पिऊन वर्षभरानं दुसऱ्याच्या पायाला फोड येई. हातभर लांबीचा तो किडा काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर काढावा लागे. तुटला तर पाय पिके आणि घोट्या-गुडघ्याजवळ ओबडधोबड वण राही. बारवा बुजवल्या किंवा पायऱ्या बंद केल्या, हापसे आले, आणि नारू हटला. या हापशांच्या घडणीत जालना आणि सोलापूर या नावांना मान आहे. तिथे तयार झालेल्या पंपांवरूनच पुढे देशभर पसरलेला 'इंडिया मार्क टू' हापसा घडला. जुलै १९९६ नंतर भारतात नारूचा रोगी आढळला नाही आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला.

काही वण रोगानं नाही, जमिनीनं दिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) यांच्या सीमेवर भूकंप झाला तेव्हा दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं गेली. वाचलेल्यांच्या डोक्यावर आणि पायांवर दगडांच्या जखमांचे आणि नंतरच्या शस्त्रक्रियांचे वण राहिले. ईट त्या पट्ट्यापासून दूर, पण जिल्हा एकच.

देवी गेली, नारू गेला. सरकारनं, डॉक्टरांनी आणि गावकऱ्यांनी मिळून ज्याच्या मागे लागायचं ठरवलं, ते वण संपले. ज्यांना कुणी रोग मानलंच नाही, ते राहिले. त्यात सर्वांत बोलका वण आज ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पोटावर आहे. भूम तालुक्याला बीड जिल्हा लागून आहे, आणि या दोन्ही भागांतून दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे मजुरांच्या गाड्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाची उचल अंगावर. कोयत्याचे वार बोटांवर आणि नडगीवर वण ठेवतात. उसाच्या पाचटानं हात-तोंड रोज चिरतं, पण ते वरच्या थरापुरतं असल्यामुळे भरून निघतं. पोटावरचा वण तसा नाही. खाडा झाला की दंड बसतो, पाळीच्या दिवसांत फडावर ना पाणी ना आडोसा, अंगावर दुखणं काढून शेवटी डॉक्टर सांगतो की गर्भपिशवी काढून टाका. तिशीच्या आतबाहेरच्या बायका पिशवी काढून घेतात. २०१९ मध्ये हा प्रश्न विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली.

या शस्त्रक्रियेचा बाहेरचा वण वीतभर असतो. आतही वण होतो. पोटातले अवयव एकमेकांना आणि पोटाच्या भिंतीला चिकटतात, आणि वाकून ऊस तोडताना, डोक्यावर मोळी उचलून गाडीची फळी चढताना ती ओढ दुखते. टाके ओले असतानाच फडावर परतलेल्या बाईचा वण रुंदावतो, काही वेळा तिथे अंतर्गळ उतरतो. देवीच्या वेळी सरकारी माणसं घरोघर जाऊन चेहरे तपासत होती. त्याच निष्ठेनं, स्त्री डॉक्टर बरोबर घेऊन आणि बाईचा मान राखून, प्रत्येक फडावर ही तपासणी व्हायला हवी. दर हंगामाआधी आणि दर हंगामानंतर व्हायला हवी, आणि पिशवी काढण्याचा सल्ला दुसऱ्या सरकारी डॉक्टरच्या सहीशिवाय अमलात येऊ नये.

घरात करण्यासारख्या गोष्टी त्याहून सोप्या आहेत. भाजलं तर जागा लगेच वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, बिब्बा काही लावू नका. सांध्यावर भाजलं असेल तर सांधा सरळ ठेवून दवाखाना गाठा. घरात कुणाला कीलॉइड असेल तर कान टोचण्याआधी आणि कुठल्याही शस्त्रक्रियेआधी ते डॉक्टरांना सांगा. आणि कावीळ झालेल्या माणसाला किंवा पोट फुगलेल्या बाळाला कुणी डाग द्यायला निघालं, तर त्याचा हात धरा आणि रोग्याला सरळ आरोग्य केंद्रात घेऊन जा.